सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही : एका बंद गाडीकडून शिकलेलं संशोधन

गेल्या एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला. "गाडी काढून टाकावी म्हणतोय. भंगारवाला येऊन बघून गेला."

आमची गाडी १९९०च्या दशकातली आहे. कार्ब्युरेटरची, पॉइंटवाली, इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोल पंपाची. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून दोनदा तिला तासगावहून मिरजेला फिजिओथेरपीला न्यावं लागायचं, आणि ते काम ही गाडी करत होती. त्या दिवशी परतीच्या वाटेवर बाबा औषधं घ्यायला थांबले. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर सेल्फ फिरतोय पण गाडी काही स्टार्ट होईना. आई अर्धा तास उन्हात गाडीत बसून राहिली. असं पाचव्यांदा झालं होतं.

मी तेव्हा पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात होतो आणि सुट्टीसाठी घरी निघालोच होतो. "रविवारपर्यंत थांबा," एवढंच म्हणालो. नंतरचे चार दिवस मला 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या अख्ख्या कोर्सपेक्षा जास्त शिकवून गेले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी ते इथे क्रमाने लिहितोय.

तक्रारीतच निम्मं उत्तर असतं

"गाडी बंद पडली" ही तक्रार नाही, तो वैताग आहे. "सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही" ही तक्रार आहे, कारण तिच्यात माहिती आहे. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरीत ताकद आहे, स्टार्टर मोटर ठीक आहे आणि इंजिन जाम झालेलं नाही. एक पानाही न उचलता तीन संशयित सुटले.

सेल्फचा आवाजही ऐकायचा. 'रुं-रुं-रुं-रुं' अशी एकसारखी लय असेल तर सिलेंडरमध्ये दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, बऱ्यापैकी आहे. प्रत्येक सिलेंडर हवा दाबताना मोटरला जोर लागतो, त्याची ती लय. लय नसून नुसती 'सर्रर्र' अशी मोकळी घरघर असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि सेल्फ मारणं लगेच थांबवावं. आमच्या गाडीची लय नेहमीसारखीच होती.

पेट्रोल इंजिनाला पेट घ्यायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण, ठिणगी आणि दाब, आणि तिन्ही योग्य वेळी. दाब ठीक आहे असं धरलं तर उरतात दोन, पेट्रोल आणि ठिणगी. मेकॅनिकच्या भाषेत, "पेट्रोल येत नाही की करंट येत नाही?"

मग मी बाबांना विचारलं, नेमकं कधी होतं? बाबा हिशेबाच्या वहीत पेट्रोल लिहून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक फेरी आठवायला सोपी गेली. त्यातून हे निघालं:

सकाळी थंड असताना गाडी पहिल्या सेल्फला स्टार्ट. फिजिओथेरपीचा एक तास उभी राहिल्यावरही स्टार्ट. पण रस्त्यात दहा ते वीस मिनिटांचा थांबा झाला की गडबड. असे नऊ थांबे झाले होते, त्यांतल्या पाचांत गाडी अडली.

म्हणजे दोष गरमीशी जोडलेला. चालत्या गाडीत बॉनेटखाली वारा खेळतो. गाडी थांबली की वारा बंद, पण इंजिनातली उष्णता बाहेर येतच राहते. त्यामुळे बंद केल्यानंतर काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं आणि मग हळूहळू उतरतं. दोन मिनिटांच्या किंवा तासाभराच्या थांब्यापेक्षा पंधरा मिनिटांचा थांबा वाईट ठरतो, तो यामुळे.

ओल्या फडक्याचा पुरावा

आमच्या गॅरेजवाल्या काकांचं निदान तयार होतं: "पेट्रोल उकळतंय. पंपावर ओलं फडकं टाका."

ही शंका मुळीच खुळी नव्हती. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके भाग ३५-४० अंश सेल्सिअसच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. जुन्या गाडीत पंप इंजिनाला चिकटून असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. (नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली ढकलतो, म्हणून हा त्रास क्वचित होतो.) कार्ब्युरेटरची गाडी, एप्रिलचं ऊन, गरम झाल्यावर अडते. काकांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

आणि उपाय लागूही पडत होता! चार वेळा बाबांनी फडकं टाकलं, चारही वेळा वीस-पंचवीस मिनिटांत गाडी स्टार्ट झाली. चारपैकी चार, अजून काय पाहिजे?

पाहिजे होती पाचवी वेळ. त्या दिवशी औषधाच्या दुकानासमोर फडकं नव्हतं आणि पाणी आईच्या पिण्यापुरतंच होतं. बाबा नुसते थांबले, आणि अर्ध्या तासाने गाडी स्टार्ट झाली.

फडक्याने चार वेळा काय केलं, ते आता सांगता येत नव्हतं. फडकं शोधा, भिजवा, टाका, थांबा. यात वेळ जात होता आणि वेळेबरोबर सगळंच थंड होत होतं. पंपही आणि बाकी सगळंही. याला आपण कंट्रोल नसलेला प्रयोग म्हणतो. नीट बघा, पाचव्या वेळेने पेट्रोल उकळण्याची शंका खोटी ठरली नाही. नुसतं थांबूनही पेट्रोल थंड होतंच. एवढंच कळलं की फडक्याचा पुरावा कुठल्याच बाजूने मोजता येणार नाही.

इथे मला माझं दुसरं वर्ष आठवलं. माझ्या सेन्सरचा सिग्नल एका आठवड्यात नाहीसा झाला होता. मी घाबरून एकाच दिवशी द्रावण नवं केलं, इलेक्ट्रोड बदलला आणि केबलही बदलली. सिग्नल परत आला. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. मॅडमनी एकच विचारलं, "कशामुळे आला?" मला सांगता आलं नाही. तीन आठवड्यांनी सिग्नल पुन्हा गेला आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर. ते सेमिस्टर तसंच गेलं. ओलं फडकं मीही टाकलं होतं.

आधी कागद, मग पाना

शनिवारी रात्री एका कागदावर लिहिलं. गरम झाल्यावरच दगा देणाऱ्या गोष्टी कोणत्या?

एक, पेट्रोलची वाफ. दोन, इग्निशन कॉइल: तिच्या आतली बारीक तार कुठे तुटली असेल तर थंड असताना टोकं टेकलेली राहतात आणि गरम होऊन पसरली की सुटतात. तीन, पॉइंटशेजारचा कंडेन्सर, तोही गरमीत दगा देतो. चार, एखादी सैल वायर.

चौघांचंही लक्षण एकच आहे: गरम असताना नाही, थंड झाल्यावर हो. म्हणून 'गरम झाल्यावर अडते' हे कितीही वेळा पाहिलं तरी चौघांत फरक पडणार नव्हता. ज्या चाचणीत दोन शंका वेगवेगळं उत्तर देतील तीच चाचणी करायची, बाकीच्यांनी नुसता डेटा वाढतो.

दुसरी गोष्ट. काकांनी गॅरेजमध्ये दोनदा करंट तपासला होता आणि दोन्ही वेळा उत्तम निघाला. पण गाडी गॅरेजपर्यंत चालत गेली होती, म्हणजे तपासताना दोष हजरच नव्हता. चोर घरात असताना झडती घ्यायला हवी.

प्रत्येक चाचणीपुढे मी दोन्ही उत्तरं आधीच लिहिली: असं आलं तर काय, तसं आलं तर काय. उत्तर आल्यावर अर्थ लावायला बसलो की आपण आपल्या आवडीचाच लावतो.

वीस मिनिटांची खिडकी

रविवारी सकाळी गाडी थंड असतानाच ठिणगी तपासायचं साधन लावून पाहिलं. निळी, ठसठशीत ठिणगी. हे आवश्यक होतं. दुपारी ठिणगी दिसली नाही तर 'ठिणगी नाही' की 'माझं साधनच बिघडलंय' हा वाद उरायला नको.

दुपारी गाडी अर्धा तास फिरवली, अंगणात आणून बंद केली आणि पंधरा मिनिटं थांबलो. सेल्फ मारला. अडली! गाडी अडल्याचा आनंद झालेलं आमच्या घरातलं ते पहिलं माणूस मी.

चाचणी पहिली, पेट्रोल. एअर क्लीनरचं झाकण काढून, किल्ली बंद ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटरची दांडी ओढली. पेट्रोलची बारीक धार आली. म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल होतं. झाकण परत बसवलं आणि वाफ उडून जाऊ दिली.

चाचणी दुसरी, ठिणगी. कॉइलमधून निघणाऱ्या मुख्य वायरला साधन लावलं आणि बाबांना सेल्फ मारायला सांगितलं. एकदा एक पिवळट, केसासारखी ठिणगी दिसली, मग काहीच नाही. दोष ठिणगीच्या बाजूला. निम्मी गाडी बाजूला पडली.

चाचणी तिसरी, टेस्ट लॅम्प. किल्ली चालू केल्यावर कॉइलच्या प्लस टोकाला दिवा लागला: बॅटरीपासून कॉइलपर्यंत वीज येतेय. सेल्फ मारताना मायनस टोकाला दिवा लुकलुकला: पॉइंट उघडमीट करतायत आणि कॉइलची आतली जाड तार, प्रायमरी, अखंड आहे. सैल वायरचा संशय जवळजवळ गेला. ठिणगीचं साधन दुसऱ्या चांगल्या वायरने थेट कॉइलला जोडून पाहिलं, तरी ठिणगी नाही. म्हणजे मुख्य वायरही निर्दोष.

उरले दोघे: कॉइलची बारीक तार, सेकंडरी, किंवा कंडेन्सर. कंडेन्सर गेला तरी दिवा असाच लुकलुकतो आणि ठिणगी अशीच मरते. इथेच 'कॉइल गेली' म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो.

चाचणी चौथी, मल्टिमीटर. किल्ली बंद, कॉइलच्या वायरी सोडवलेल्या. प्रायमरीचा रोध सकाळी १.८ ओहम दिसला होता, आता २.१. वाढला! सापडलं? नाही. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तर ०.३ दिसत होतं, तो वायरींचा स्वतःचा रोध. तो वजा करून सकाळी १.५, आता १.८. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल ३०वरून ९० अंशांवर गेली असं धरलं तर २३ टक्के वाढ अपेक्षितच, म्हणजे १.५चे सुमारे १.८५. ही वाढ दोषाची नव्हती, तांब्याच्या स्वभावाची होती. 'नॉर्मल' किती हे आधी काढलं नसतं तर मी इथेच फसलो असतो.

सेकंडरी सकाळी ८,२०० ओहम होती. त्याच हिशेबाने ती आता दहा हजारांच्या आसपास हवी होती. मीटरने नुसता डावीकडचा '१' दाखवला, म्हणजे मापाबाहेर. तार सुटली होती. थंड झाल्यावर पुन्हा मोजली तर आकडा परत आला होता.

गरम असताना सुटणारी, थंड झाल्यावर टेकणारी. बाबा म्हणाले, "चढाला कधीकधी झटके यायचे, मला वाटायचं पेट्रोलात कचरा असेल." ही गोष्ट कुणी विचारली नव्हती म्हणून ती पुराव्यात आलीच नव्हती.

चांगली झालेली गाडी पुन्हा बिघडवणं

सोमवारी सांगलीत स्पेअर पार्टच्या दुकानात कॉइल मागितली. दुकानदारांनी विचारलं, "रेझिस्टन्सवाली की साधी?" मला प्रश्नच कळला नाही. मोजलेला आकडा सांगितला, १.५. "मग बाहेर रेझिस्टन्स असणार बघा तुमच्या गाडीला."

घरी येऊन बघितलं. कॉइलच्या वाटेवर चिनीमातीचा पांढरा ठोकळा होता, बॅलास्ट रेझिस्टर. त्याची दोन्ही टोकं एका वायरच्या तुकड्याने थेट जोडलेली होती. म्हणजे रेझिस्टर जागेवर होता, पण वीज त्याला बगल देऊन जात होती.

आता दोन बदल हाताशी होते, नवी कॉइल आणि ती वायर काढणं. दोन्ही एकदम केले असते तर दुसऱ्या वर्षातला मीच पुन्हा भेटलो असतो. म्हणून मंगळवारी फक्त कॉइल बदलली, बाकी सगळं तसंच. अर्धा तास फिरवून पंधरा मिनिटं थांबायचं, असं तीनदा केलं. तिन्ही वेळा स्टार्ट.

बुधवारी मी जुनी कॉइल परत बसवायला घेतली, तेव्हा बाबा खरंच चिडले. "अरे, चालतेय ना? मग हात कशाला लावतोस?"

कारण कॉइल बदलताना मी वायरींची टोकंही सोडून, घासून, पुन्हा आवळली होती. कदाचित त्यानेच फरक पडला असेल. जुनी कॉइल परत लावल्यावर दोष परत आला, तरच तो कॉइलचा. लावली, फिरवली, थांबलो. पहिल्याच खेपेला अडली. कंडेन्सर तोच होता, वायरी त्याच होत्या, बदललं होतं एकच. बाबा काही बोलले नाहीत, फक्त नवी कॉइल आणून माझ्या हातात दिली.

बदल केला की सुधारतं, बदल मागे घेतला की बिघडतं, पुन्हा केला की सुधारतं. ही तीन पावलं जिथे शक्य असतील तिथे टाकाच. पेपरचा रिव्ह्यूअर हेच विचारतो, तो बाबांपेक्षा जास्त चिडलेला असतो एवढाच फरक.

'काय बिघडलं' आणि 'का बिघडलं'

गाडीच्या कप्प्यात जुन्या बिलांचा गठ्ठा होता. त्यात दोन वर्षांपूर्वीचं कॉइलचं बिल सापडलं. म्हणजे ही कॉइल म्हातारपणाने गेलेली नव्हती.

हिशेब साधा आहे. बॅटरी १२ व्होल्ट धरू. कॉइल १.५ ओहमची आणि रेझिस्टरही साधारण तेवढाच असेल तर पॉइंट मिटलेले असताना १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. रेझिस्टरला बगल दिली तर १२ भागिले १.५, म्हणजे ८ अँपिअर. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते: कॉइलमध्ये २४ वॅटच्या जागी ९६. पॉइंट सतत मिटलेले नसतात, म्हणून प्रत्यक्ष आकडे याहून कमी असतात, पण कॉइल भाजत होती हे नक्की.

अशा गाड्यांत सेल्फ मारताना रेझिस्टरला मुद्दाम बगल दिलेली असते, कारण तेव्हा बॅटरीचा दाब खाली येतो. किल्ली सोडली की वीज रेझिस्टरमधून जायला लागते. म्हणून रेझिस्टर जळलेला असला की इंजिन सेल्फवर पेट घेतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं. वायरचा तो तुकडा हे दुखणं झटपट बरं करतो, आणि त्याची किंमत पुढे कॉइल मोजत राहते.

मी मीटर लावून रेझिस्टर मोजला, तो खरोखर तुटलेला निघाला. गुरुवारी नवा रेझिस्टर बसवला आणि वायरचा तुकडा काढला. फक्त कॉइल बदलून थांबलो असतो, तर काही महिन्यांनी आई पुन्हा कुठल्या तरी दुकानासमोर उन्हात बसली असती, आणि मी म्हणालो असतो, "हल्लीच्या कॉइलला दमच नाही."

बरी झाली, हे कशावरून?

एक फेरी नीट झाली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. पूर्वीही नऊपैकी चार थांबे बिनबोभाट गेलेच होते. म्हणून बाबांना वहीत प्रत्येक छोटा थांबा लिहायला सांगितला. मे महिन्याच्या अखेरीस असे अकरा थांबे झाले आणि गाडी एकदाही अडली नाही.

आधीची अडण्याची शक्यता साधारण निम्मी धरू. काहीच सुधारलं नसतं तर सलग अकरा वेळा नशीब चांगलं निघण्याची शक्यता अर्ध्याचा अकरावा घात, म्हणजे २,०४८ मध्ये १. शिवाय मे महिनाही तापलेलाच, म्हणजे परीक्षा सोपी नव्हती. एवढ्यावर मी आईला खुशाल गाडीत बसवतो.

जाता जाता

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि हे करून बघणार असाल, तर आधी हॅंडब्रेक लावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. ठिणगीची तपासणी उघड्या पेट्रोलाजवळ कधीही करू नका. कॉइलमधून हजारो व्होल्ट निघतात, वायर हातात धरू नका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मोटर तापते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर काढून हवेत ठिणगी बघायच्या फंदात पडू नका, मॉड्यूल जळू शकतं.

आणि गाडी नसेल, पण लवकरच एखाद्या लॅबमध्ये, सर्व्हेत किंवा कोडमध्ये असंच काहीतरी अडणार असेल (अडणारच), तर पहिल्या दिवशी काहीही बदलू नका. एक कागद घ्या. नेमकं काय होतंय, कधी होतंय आणि कधी होत नाही ते लिहा. मग संशयित लिहा, आणि ज्या चाचणीत ते वेगवेगळं बोलतील ती शोधा. मी दुसऱ्या वर्षी ही एक संध्याकाळ वाचवली होती. ती मला एका सेमिस्टरला पडली.

गाडी अजून आहे. जुनी कॉइल माझ्या लॅबच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलीय.